खाली बघायचं नाही

आमची पहिली भेट झाली तेव्हा त्याच्या हातांत दुसरीच होती. चाळीस किलोची, वाळूने भरलेली, अंगात कुणाचा तरी जुना निळा स्वेटर घातलेली. बर्फावरच्या स्केटिंगच्या रिंकमागच्या बोळात तो तिला डोक्यावर उचलून गोल गोल फिरत होता, आणि मी स्केट्सच्या पात्यांना रबरी कव्हरं चढवून, मान खाली घालून, घाईघाईत कोपऱ्यावरून वळले. पोत्याचा कोपरा थेट माझ्या कपाळावर बसला. मी फरशीवर, पोतं माझ्या शेजारी.

"सॉरी, सॉरी... लागलं का गं?" तो गुडघ्यांवर बसून विचारत होता. माझ्याशी नाही — पोत्याशी. शिवण उसवली होती आणि वाळू भुरुभुरु गळत होती.

"तिला बरं वाटलं की इकडेही बघा," मी म्हटलं. "माझी काही घाई नाही."

मग त्याने मान वर केली. इतका लाजला की कानांच्या पाळ्या लाल झाल्या. उंच, लांब हातांचा, केस कपाळावर चिकटलेले. माझ्याकडे त्याने नीट पाहिलं... वरून खालपर्यंत, बाजारात तराजूकडे बघावं तसं.

"तुझं वजन किती?"

पहिल्याच भेटीत मुलीला वजन विचारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. "का? उचलून फेकणार आहात?"

"हो," तो सरळपणे म्हणाला. "जमलं तर."

तो जोडीने स्केटिंग करायचा. त्याची जोडीदारीण अभ्यास, परीक्षा, नोकरी अशा शहाण्या कारणांसाठी बर्फ सोडून गेली होती. नवी मिळेपर्यंत हातांची सवय जाऊ नये म्हणून तो रोज पोतं उचलायचा. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि एकटीच स्केटिंग करायचे. उड्या उंच मारायचे, पण दर तिसऱ्या उडीला बर्फावर बसायचे. कुठल्याही स्पर्धेत माझा नंबर नववा. आठवा नाही, दहावा नाही. नववी जागा माझ्यासाठी रुमाल टाकून धरून ठेवल्यासारखी.

बोळाच्या दारात आमच्या कोच चहाचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्यांना लहानमोठे सगळे बाईच म्हणत. बाईंनी आधी मला पाहिलं, मग त्याला, मग फुटलेल्या पोत्याला.

"खांब आणि नाकतोडा," त्या म्हणाल्या. "बघू या. उद्या सकाळी सहाला."

अशी मी पोत्याच्या जागी कामाला लागले. तो खांब झाला आणि मी नाकतोडा. पुढे त्याने त्याचंही "नाकतोडे" करून टाकलं. भर बसमध्ये तो मला तशी हाक मारायचा, माणसं वळून बघायची आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचे.

जोडीच्या स्केटिंगमध्ये मुलाने मुलीला डोक्यावर उचलायचं असतं. एका हातावर तिला तोलून तो बर्फावरून वेगात जातो आणि जाता जाता तीनदा गोल फिरतो. याला लिफ्ट म्हणतात. बाईंचा पहिला नियम त्याच लिफ्टचा होता — वर गेलं की खाली बघायचं नाही. मान झुकली की डोक्याचं वजन पुढे सरकतं, ते मुलाच्या मनगटावर येतं, आणि मग दोघंही खाली येतात. नजर समोर ठेवायची, उंचावरच्या एकाच वस्तूवर. तो फिरला की ती वस्तू एकदा येऊन जाईल, पुन्हा येईल, आणि तिसऱ्यांदा आली की उतरायचं.

"पण मग खाली सगळं ठीक आहे की नाही, ते मला कसं कळणार?" मी विचारलं होतं.

"ठीक नसलं तर कळेलच," बाई म्हणाल्या.

आमच्या रिंकवर माझी वस्तू म्हणजे प्रेक्षकांच्या सगळ्यात वरच्या रांगेमागच्या दारावरची हिरवी पाटी. आत दिवा असलेली, 'बाहेर' लिहिलेली. अशी पाटी सगळ्याच स्टेडियममध्ये असते. परगावी स्पर्धेला गेलो की इतर जोड्या आधी बर्फ कसा आहे ते बघायच्या. तो मात्र पाठीवरची बॅगही न उतरवता वरच्या रांगांमधून हिंडायचा आणि तिथून ओरडून सांगायचा, "सापडली गं तुझी पाटी. पंचांच्या डाव्या हाताला." तोवर माझा जीव भांड्यात पडत नसे.

आणखी दोन सवयी होत्या. माझा डावा हात कायम गार पडायचा. बर्फावर उतरायच्या आधी तो माझा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळायचा, हळूहळू, बोटं एकेक करून. आणि उचलण्याच्या आधी श्वास सोडताना "हं" म्हणायचा. फक्त मला ऐकू येईल एवढंच. ते "हं" आलं की मी बर्फावरून पाय सोडायचे. संगीत काय वाजतंय याकडे माझं लक्षच नसायचं.

सात वर्षं गेली. नववी होते ती आम्ही दोघं मिळून सहावे झालो, मग चौथे. माझी आई शिवणकाम करायची, ती आमचे पोशाख शिवू लागली आणि मापं घेता घेता त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव टाकू लागली. "त्याला विचार, बाही कशी हवी," असं ती मला म्हणायची. मला कशी हवी, ते तिने कधी विचारलं नाही.

मी त्याच्या प्रेमात नेमकी कधी पडले ते मला सांगता येत नाही. एकदा त्याला ताप होता आणि बाईंनी आठ दिवस सुट्टी दिली. मी घरी बसून होते आणि माझा डावा हात सारखा गार पडत होता. आईने गरम पाण्याची पिशवी दिली, काही उपयोग झाला नाही. तेव्हा मला कळलं. कळलं आणि मी मूग गिळून गप्प बसले. कारण बाईंनी पहिल्याच वर्षी बजावून ठेवलं होतं. "प्रेमबिम करायचं तर दुसऱ्या जोडीतल्या कुणावर तरी करा. भांडलात की माझी जोडी फुटते."

एक गंमत मात्र मला छळायची. त्याचा चेहरा मला पाठ होता. बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेला, बाईंचं ओरडणं ऐकताना पापण्या खाली केलेला, आईच्या हातचा चहा पिताना वाफेमागचा. पण माझा अख्खा जीव त्याच्या एका तळव्यावर तोललेला असायचा, त्या वेळी तो कसा दिसतो ते मी सात वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

मागच्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्याच्या आदल्या दिवशी बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. पहिल्या दोन जोड्या जागतिक स्पर्धेला जाणार होत्या आणि पहिला टप्पा झाल्यावर आम्ही दुसरे होतो. मी गमतीत विचारलं, "लिफ्टमध्ये असताना तू कसा दिसतोस रे?"

"पोतं उचलल्यासारखा."

"खरं सांग ना."

तो बाहेर बघत राहिला. काच धुरकटली होती, तिच्यावर बोटाने त्याने एक रेघ ओढली... आणि पुसून टाकली.

"उद्या संपलं की सांगतो. कसा दिसतो ते — आणि अजून एक."

"अजून एक काय?"

"उद्या."

"आत्ता सांग की. आत्ता काय होतंय?"

"आत्ता सांगितलं तर उद्या तू खाली बघशील," तो म्हणाला, आणि त्याचे कान पहिल्या दिवशीसारखेच लाल झाले होते.

मग त्याने न सांगूनही मी ते ऐकलंच. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी आमचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी इतकी हलकी होते की वाटलं, आज त्याला मला उचलायची गरजच नाही.

तीन मिनिटं सगळं मनासारखं झालं. मग शेवटची लिफ्ट आली. "हं" आलं, मी वर गेले. हिरवी पाटी एकदा येऊन गेली. दुसऱ्यांदा आली. आणि मला वाटलं, आता काय, संपलंच तर आहे... एकदा बघू या. उद्या-उद्या म्हणत होता तो चेहरा आत्ताच बघू या.

मी खाली पाहिलं.

त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. खालचा ओठ दातांत धरलेला, कपाळावरची शीर तट्ट फुगलेली. त्याला दुखत होतं. सोसवणार नाही इतकं दुखत होतं. मला ते दिसलं आणि त्याच वेळी माझ्या डोक्याचं वजन पुढे गेलं. त्याचा हात खचला. मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवतात की मुलगी पडली तर आधी आपण तिच्याखाली जायचं. तो माझ्याखाली गेला. मी त्याच्यावर पडले आणि मला साधं खरचटलंही नाही. खालून मात्र त्याच्या उजव्या खांद्याचा आवाज मी ऐकला.

दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला फोटो दाखवला. खांद्याच्या आतली, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी पूर्ण तुटली होती. "हे आजचं नाही," ते म्हणाले. "निम्मं तरी चार महिन्यांपूर्वीचं आहे. इतके दिवस हा हात वर कसा करत होता?"

 आई भिंतीला टेकून उभी होती. तीच हळू आवाजात म्हणाली, "माझ्याकडून त्याने उजवी बाही दोनदा सैल करून घेतली. काखेतून. मला वाटलं अंग भरलं असेल पोराचं." आणि ती पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेली.

चार महिने. रोज सकाळी मी त्याच हातावर वर जात होते आणि मला पत्ता नव्हता. माझी करंगळी ठेचकाळली तर तो न सांगता ओळखायचा. मी खूप चिडले. त्याच्या पलंगाशी बसून अद्वातद्वा बोलले. "सांगायला तोंड नव्हतं का तुला?"

"सांगितलं असतं तर बाईंनी थांबवलं असतं," तो म्हणाला. "मग जागतिक स्पर्धा राहिली असती तुझी."

"माझी?"

"आपली," त्याने दुरुस्त केलं. मग म्हणाला, "तू बघितलं नसतंस तरी खांदा गेलाच असता, नाकतोडे. आज नाही तर उद्या."

हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून तो बोलला, ते मला अजूनही कळलेलं नाही. डॉक्टरांना मी नंतर एकटीने जाऊन विचारलं. त्यांनीही सांगता येत नाही म्हणून सांगितलं. ऑपरेशन झालं. हात केस विंचरण्यापुरता वर जाईल, चहाचा कप उचलेल, पण माणूस उचलणार नाही, असं ठरलं.

मी दोन महिने रिंककडे फिरकले नाही. बाई घरी आल्या. त्यांच्याकडे दुसऱ्या गावचा एक मुलगा आला होता, चांगल्या जोडीतला, त्याची जोडीदारीण नुकतीच निवृत्त झालेली. "तू चोवीस वर्षांची आहेस," बाई म्हणाल्या. "फार तर चार वर्षं आहेत तुझ्याकडे. ती घरात बसून घालवायची असतील तर तसं सांग."

"मला दुसऱ्या कुणाच्या हातावर जायचं नाही, बाई."

बाईंनी चहा संपवला, पेला खाली ठेवला. "हे मला सांगू नकोस. ज्याला सांगायचं त्याला सांग. आणि त्याने काय म्हटलं ते मला कळव."

त्याला सांगायची वेळच आली नाही, कारण दुसऱ्या दिवशी तोच दारात उभा होता. डाव्या हातात माझे स्केट्स. पात्यांना धार लावून आणली होती. "चल," तो म्हणाला. "त्याला दाखवू तुला कसं उचलायचं ते. नाहीतर पोत्यासारखं उचलेल."

नवा मुलगा शांत होता. बाईंच्या प्रत्येक वाक्याला "हो, बाई" म्हणायचा, म्हणून एका आठवड्यात त्याचं नाव होबाई पडलं. त्याला त्याचा राग नव्हता, उलट हसला. मला त्याच्यात खोट काढायची होती आणि एकही सापडत नव्हती.

त्या पहिल्या दिवशी मी बर्फावर उभी होते आणि माझा खांब कठड्याला टेकून, उजवा हात गळपट्टीत अडकवून, होबाईला मला समजावून सांगत होता. माझ्या देखत. जणू मी परगावी निघालेली सायकल आहे आणि तिचा ब्रेक कसा लागतो ते सांगून ठेवायचंय.

"डावा हात गार असतो हिचा. आधी चोळ. करंगळीपासून सुरू कर, अंगठ्यापासून केलंस तर गुदगुल्या होतात. ...उडीच्या आधी श्वास धरते, तो सोडेपर्यंत फेकू नकोस. घाबरली की खूप बोलते. गप्प बसली तर समज रागावलीय, तेव्हा थांब. उतरताना उजवा पाय थोडा ओढते, ओरडू नकोस, तो मोडला होता एकदा. आणि उचलायच्या आधी काहीतरी आवाज कर. म्हणजे तिला कळतं की तू आहेस."

"कसला आवाज?" होबाईने विचारलं.

 माझ्या खांबाने एवढं सगळं सांगितलं, पण ते एक मात्र त्याच्या तोंडून निघेना. "...तुझा तू ठरव," तो म्हणाला.

मी वळून बर्फाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथे रडले. सात वर्षांत त्याने मला जे कधी सांगितलं नव्हतं ते सगळं त्याने आता दुसऱ्याला सांगून टाकलं होतं.

तो रोज येऊ लागला. कठड्याशी उभा राहून सूचना द्यायचा, आणि मी रोज पडायचे. होबाईने सांगून, मोजून, नीट उचललं तरी मी कठड्याच्या बाजूने येणाऱ्या त्या "हं"ची वाट बघत राहायचे. ते येत नसे, माझे पाय सुटत नसत. तीन आठवड्यांनी होबाई पहिल्यांदाच स्वतःहून बोलला. "तो समोर असला की तू माझ्या हातात नसतेस. माझी तक्रार नाही. पण मी तुला पाडेन एखाद दिवशी, आणि मला ते सहन होणार नाही."

हे माझ्या खांबानेही ऐकलं होतं. चार दिवसांनी त्याने मला सांगितलं की दूरच्या गावी एका रिंकवर लहान मुलांना शिकवायचं काम आहे, ते त्याने घेतलं. शनिवारी दुपारची बस.

रिंकसमोरच्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्याची बॅग डाव्या खांद्यावर होती. मी माझा हात पुढे केला. त्याने तो घेतला, एकाच हाताने चोळत राहिला, करंगळीपासून.

"आता तरी सांग," मी म्हटलं. "स्पर्धा संपून तीन महिने झाले."

"काय सांगू?"

"कसा दिसायचास? मी बघितलं तेव्हा तुला दुखत होतं. त्याच्या आधी... चांगलं चाललं होतं तेव्हा?"

तो हसला. किती दिवसांनी. "हसायचो."

"काय?"

"हसायचो मी. तू वर गेलीस की मला हसूच यायचं. दात दिसेपर्यंत, वेड्यासारखा. बाई ओरडायच्या मला, तोंड मिट म्हणून, पंच काय म्हणतील म्हणून. तुला कधी कळू दिलं नाही त्यांनी."

 साडेसहा वर्षं तो माझ्याखाली हसत होता, आणि मी एकदा पाहिलं ते नेमकं तो हसत नसताना.

"आणि अजून एक होतं," मी शेवटी म्हटलं.

"ते नको आता."

"मग मी सांगते. माझं तुझ्यावर प्रेम आहे. तू नको जाऊस. मी सोडते हे सगळं, मी पण लहान मुलांना शिकवीन."

"सोडशील," तो म्हणाला. "आणि दहा वर्षांनी माझ्या खांद्याकडे बघशील. रोज, सकाळी उठून. मला नाही चालणार ते." त्याने चोळणं थांबवलं. "माझंही आहे गं. पोतं फुटलं त्या दिवसापासून आहे. पण त्याच्या हातात तुला मला बघवत नाही. माणूस चांगला आहे, म्हणून तर जास्तच. मी इथे राहिलो तर मी वाईट होईन, आणि तू पडशील."

"चार वर्षांनी?"

"चार वर्षांनी तू अठ्ठावीस वर्षांची असशील, आणि मी एक हात खाली ठेवून मुलांवर ओरडणारा मास्तर. तेव्हा बघू." बस आली. त्याने माझा हात माझ्याच खिशात नीट ठेवला, वर खिशाचं बटण लावलं. "खाली बघू नकोस. एवढं ऐक माझं."

तो खिडकीजवळ बसला नाही. पलीकडच्या बाजूला बसला.

त्यानंतर माझं पडणं थांबलं. सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं. होबाईने स्वतःचा एक आवाज शोधला, जिभेने टक् करण्याचा, आणि माझे पाय हळूहळू त्या आवाजावर सुटायला शिकले. हिवाळा सरला. त्याची पत्रं नाहीत, फोन नाही. आईला मात्र एकदा फोन आला होता, लहान मुलांच्या पोशाखांना बाही कशी जोडायची ते विचारायला. आईने अर्धा तास सांगितलं आणि मग स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

पुन्हा मोठ्या स्पर्धेचा दिवस आला. परगावचं स्टेडियम, मी कधी न पाहिलेलं. आदल्या दिवशी सरावाला गेलो तेव्हा सवयीने मी वरच्या रांगांकडे पाहत उभी राहिले... कुणी ओरडून सांगेल म्हणून. मग माझी मीच पाटी शोधली. पंचांच्या डाव्या हाताला, सगळ्यात वर, हिरवी.

दुसऱ्या दिवशी नाव पुकारलं. होबाईने माझा डावा हात चोळला, करंगळीपासून. आम्ही बर्फावर गेलो. तीन मिनिटं नीट गेली. मला आनंद होत नव्हता आणि भीतीही वाटत नव्हती. मी माझं काम करत होते.

मग शेवटची लिफ्ट आली. टक्. मी वर गेले, नजर समोर, उंच. सगळं स्टेडियम माझ्याभोवती फिरू लागलं.

पहिल्यांदा पाटी आली तेव्हा तिच्याखाली कुणीतरी उभं होतं. उंच. खांबासारखं सरळ.

दुसऱ्यांदा पाटी आली. तोच होता. उजवा हात जाकिटाच्या खिशात, केस पावसाने ओले, पाठीवर बॅग तशीच. मी कुठली पाटी निवडेन ते त्याला कुणी सांगायला नको होतं. आणि जे त्याला बघवत नव्हतं तेच बघायला तो तिथे येऊन उभा राहिला होता, सगळ्या स्टेडियममध्ये मला जिथे बघायची परवानगी आहे त्या एकाच जागी.

तिसऱ्यांदा पाटी आली तेव्हा तो हसत होता. दात दिसेपर्यंत. वेड्यासारखा. सात वर्षं माझ्याखाली असलेला तो चेहरा मी पहिल्यांदा पाहिला, आणि माझा मोकळा डावा हात आपोआप वर उठला आणि त्याच्या दिशेने गेला.

मग मला उतरावं लागलं. उतरले, उजवा पाय ओढत, पण उभी. संगीत संपलं, लोक उभे राहिले. मी वळून वर पाहिलं तेव्हा पाटीखालचं दार अजून हलत होतं आणि तिथे कुणी नव्हतं. मी त्याच्यामागे धावले नाही. पायांत स्केट्स होते, आणि त्याला मी धावलेली नको होते, हे मला माहीत होतं.

गुण येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. पडद्यावर आकडे आले आणि होबाई दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला, म्हणून मला कळलं की आम्ही दुसरे आलो. जागतिक स्पर्धेला जाणार. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्याही गालांवरून पाणी वाहत होतं. फोटो काढणाऱ्यांना वाटलं, आनंदाने.

बाई माझ्या दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. त्या समोर बघत होत्या, वर, त्या दाराकडे.

"शेवटच्या लिफ्टमध्ये तो हात कुठून आला?" त्यांनी विचारलं. "मी बसवलेला नव्हता."

"चुकून गेला, बाई. पुन्हा नाही जाणार."

 बाईंनी माझा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. तो गार होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दर वेळी कर."

तेव्हापासून मी तो दर वेळी करते. वर्तमानपत्रात एकाने लिहिलं की आमच्या कार्यक्रमातली ती सगळ्यात सुंदर जागा आहे, आणि ती कुणी बसवली असं बाईंना विचारलं. बाईंनी सांगितलं नाही. मी अठ्ठावीस वर्षांची व्हायला अजून तीन वर्षं आहेत. नव्या गावी गेले की आधी पाटी शोधते, आणि तिसऱ्यांदा ती समोर आली की तिच्याखाली कुणी असो, नसो, माझा हात तिकडे जातो.